सुदानची बंदूक कोण भरतं?

सुदानच्या दारफूर भागातलं एल फाशर हे शहर 26 ऑक्टोबर 2025 रोजी पडलं. आपल्याकडे भाऊबीज होऊन तीनच दिवस झाले होते. ज्यांच्या वाचनात ही बातमी आली त्यांतल्या बहुतेकांनी ‘त्यांचं आपसातलं आहे, त्यात आपण काय करणार’ असं म्हणून पान उलटलं असेल. हे वाक्य मी सोलापुरात कट्ट्यावर ऐकलं आहे, कॉलेजात ऐकलं आहे, चांगल्या वाचणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. माझं म्हणणं असं की सुदानचं युद्ध आपसातलं राहिलेलंच नाही. ते बाहेरच्या पैशावर आणि बाहेरच्या शस्त्रांवर चाललं आहे. त्यामुळे बाहेरच्यांनी तिथे हस्तक्षेप करावा की नाही, हा वाद शिळा झाला. हस्तक्षेप रोज चालू आहे. तो थांबवायचा कसा एवढाच प्रश्न उरतो, आणि त्यातला एक धागा भारताच्या हातात आहे.

आधी फाशरबद्दल. दीड वर्ष त्या शहराला वेढा होता. वेढा घालणारी फौज म्हणजे रॅपिड सपोर्ट फोर्सेस, आरएसएफ. त्यांनी शहराभोवती मातीचा उंच बांध घातला, म्हणजे धान्याची गाडी आत जाऊ नये आणि माणूस बाहेर पडू नये. आतलं धान्य संपलं तसे लोक अंबाज खाऊ लागले. अंबाज म्हणजे शेंगदाण्याचं तेल काढून झाल्यावर उरणारी पेंड. घाण्यावरची पेंड कुठे जाते हे सोलापूर जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. ती म्हशीपुढे जाते. दारफूरही आपल्यासारखाच भुईमुगाचा मुलूख आहे. तिथल्या आया पेंड पाण्यात भिजवून, शिजवून मुलांना भरवत होत्या आणि शेवटी शेवटी तीही मिळेनाशी झाली. शहर पडल्यावर तिथल्या सौदी मॅटर्निटी हॉस्पिटलमध्ये 460 हून अधिक रुग्ण आणि त्यांच्या सोबतची माणसं मारली गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं. प्रसूतीच्या दवाखान्यात.

या फौजेचा जन्म कसा झाला हे कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. 2003 नंतर दारफूरमधलं बंड मोडायला ओमर अल बशीर यांच्या सरकारने अरब टोळ्यांना घोडे, उंट आणि बंदुका देऊन खेड्यांवर सोडलं. लोक त्यांना जंजावीद म्हणत. 2013 मध्ये बशीर यांनी त्याच टोळ्यांना गणवेश आणि पगार देऊन आरएसएफ केलं. उंटांचा व्यापार करणारा मोहम्मद हमदान डगालो, ज्याला सगळे हेमेती म्हणतात, तो तिचा सेनापती झाला. लष्कर आपल्यावर उलटलं तर हाताशी दुसरी फौज असावी, हा बशीर यांचा हिशोब होता. 2015 नंतर सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती येमेनमध्ये उतरले, तेव्हा हेमेतीची पोरं पगारावर तिकडे लढायला गेली. जेबेल आमेरच्या सोन्याच्या खाणी 2017 मध्ये त्याच्या ताब्यात आल्या. म्हणजे युद्ध सुरू होण्याच्या कितीतरी आधीच या माणसाकडे स्वतःची फौज होती, स्वतःची खाण होती आणि आखातात स्वतःची गिऱ्हाइकं होती.

मधे एकदा सुदानी जनतेने हे सगळं उलथवून टाकायला घेतलं होतं. डिसेंबर 2018 मध्ये पावाच्या भाववाढीवरून अटबरा या रेल्वेच्या गावातून आंदोलन पेटलं आणि एप्रिल 2019 मध्ये तीस वर्षं राज्य केलेल्या बशीर यांना जावं लागलं. बायका, विद्यार्थी, डॉक्टर, वकील खार्टूममध्ये लष्कराच्या मुख्यालयासमोर ठाण मांडून बसले होते. 3 जून 2019 ला त्या ठिय्यावर गोळ्या चालल्या, शंभराहून अधिक माणसं गेली. पुढे मुलकी नेत्यांना अर्धीमुर्धी सत्ता मिळाली, ती 25 ऑक्टोबर 2021 ला लष्करप्रमुख अब्देल फतह अल बुरहान आणि हेमेती या दोघांनी मिळून काढून घेतली. लोकांना हटवताना दोघे एक होते. मग आरएसएफ लष्करात किती वर्षांत विलीन करायची यावर त्यांचं फाटलं. लष्कर म्हणे दोन वर्षं, हेमेती म्हणे दहा. 15 एप्रिल 2023 च्या सकाळी खार्टूममध्ये तोफा सुरू झाल्या. तेव्हापासून सव्वा कोटीच्या आसपास माणसं घरातून उखडली गेली.

आता बाहेरचे हात पाहा. आरएसएफला चाडमधल्या आमजारास विमानतळावरून अमिरातीची शस्त्रं जातात, हे आरोप विश्वासार्ह असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने जानेवारी 2024 च्या अहवालात नोंदवलं. अमिराती ते सतत नाकारत आली आहे. लष्कराकडे इराणचे ड्रोन आले, तुर्कस्तानचे ड्रोन आले. इजिप्त लष्कराच्या पाठीशी आहे, कारण त्याला नाईलच्या वरच्या अंगाला ओळखीचा गणवेश हवा. रशियाच्या वॅग्नर या भाडोत्री फौजेचे लोक आधी हेमेतीच्या सोन्यात होते, पुढे मॉस्कोने लष्कराशी जमवलं, कारण तांबड्या समुद्रावर नाविक तळ पाहिजे. कोलंबियातले निवृत्त सैनिक दारफूरमध्ये भाडोत्री म्हणून आणले गेले. लिबियाच्या कुफ्रा वाळवंटातून पेट्रोल आणि गाड्या येतात. दोन सेनापतींच्या भांडणात सात-आठ देश आपापली पोळी भाजून घेत आहेत. हे नसते तर दोघांचाही दारूगोळा कधीच संपला असता.

आणि मला सर्वांत संतापजनक वाटतं ते पुढचं. सप्टेंबर 2025 मध्ये तीन महिन्यांच्या युद्धविरामाचा प्रस्ताव आला तो अमेरिका, सौदी अरेबिया, इजिप्त आणि अमिराती या चौघांकडून. यांतल्या काहींवर एकेका बाजूला बळ दिल्याचा आरोप आहे, आणि तेच पंच. गावात बांधाच्या भांडणात असा पंच कुणी बसवून घेईल का? सुरक्षा परिषदेत वेगळं काही होईल म्हणावं तर नोव्हेंबर 2024 मध्ये लढाई थांबवण्याची मागणी करणारा ठराव रशियाने नकाराधिकार वापरून पाडला. सुदानने अमिरातीविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात नरसंहाराचा दावा लावला, तोही मे 2025 मध्ये अधिकारक्षेत्र नाही म्हणून निकाली निघाला. आरोप खरे की खोटे यावर सुनावणी झालीच नाही.

यावर काही जणांना वाटतं की एखाद्या मोठ्या देशाने सरळ सैन्य पाठवावं आणि दोघांना वठणीवर आणावं. मला ते पटत नाही. लिबियात 2011 मध्ये नाटोच्या विमानांनी गद्दाफी यांची राजवट पाडायला मदत केली, त्यानंतर तो देश त्रिपोलीतलं सरकार आणि पूर्वेकडचे सेनापती खलिफा हफ्तार असा दुभंगला तो आजही सांधलेला नाही. पण लिबियापर्यंत जायची गरज नाही. आपण स्वतः हे करून पाहिलं आहे.

1983 नंतर श्रीलंकेतल्या तमिळ गटांना भारताने पैसा दिला, शस्त्रं दिली, प्रशिक्षण दिलं. एका गटाला नाही, अनेकांना. टेलो, एलटीटीई, प्लोट, ईपीआरएलएफ. त्या वेळी दिल्लीला हे हुशारीचं वाटलं असावं, की गट अनेक असले तर कुणी एक डोईजड होणार नाही. झालं उलटंच. 1986 मध्ये एलटीटीईच्या प्रभाकरनच्या माणसांनी टेलोच्या पोरांना जाफन्यात वेचून मारलं. तमिळांनीच तमिळांना, तेही भारताने ज्यांना उभं केलं त्यांतल्याच दोघांमध्ये. जुलै 1987 चा करार झाला, शांतिसेना गेली, आणि जी संघटना आपण पोसली तिच्याशीच आपले जवान लढू लागले. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर सुमारे 1200 भारतीय जवान गेले होते. तमिळ जनतेनेही त्या सेनेच्या हातून फार सोसलं, हे आपल्याकडे कमी बोललं जातं. त्यानंतर युद्ध आणखी 19 वर्षं चाललं. बाहेरून शस्त्रं देणाऱ्याच्या हातात लगाम राहतो हा समज जाफन्यात खोटा ठरला आणि आज दारफूरमध्ये पुन्हा खोटा ठरतो आहे. फरक एवढाच की तिथे किंमत मोजणाऱ्यांत शस्त्रं देणाऱ्यांची मुलं नाहीत.

मग काय, हात बांधून बसायचं? सोलापूरच्या माणसाला हा प्रश्न विचारू नये. भैय्या चौकातल्या कोटणीसांच्या घराचं आज स्मारक आहे. 1938 मधला चीन कसा होता ते आठवा. जपान आत घुसलेला. एकीकडे चँग कै शेक यांचं कुओमिन्तांग, दुसरीकडे कम्युनिस्ट, जपानविरुद्ध नावाला एकत्र, आतून एकमेकांच्या जिवावर. जानेवारी 1941 मध्ये तर कुओमिन्तांगने आपल्याच या मित्रांच्या नव्या चौथ्या सेनेला घेरून तिची कत्तल केली. परकं आक्रमण आणि एकमेकांवर बंदुका रोखलेले गट, दोन्ही एकाच देशात. कम्युनिस्टांचे सेनापती चू तेह यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले, काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी लोकांना आवाहन केलं, पै पै गोळा झाली आणि सप्टेंबर 1938 मध्ये पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून निघालं. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि आपले द्वारकानाथ कोटणीस, वय 27. देश स्वतः पारतंत्र्यात असताना.

यावर एक रास्त आक्षेप आहे. कोटणीस तटस्थ राहिले नाहीत, 1942 मध्ये ते कम्युनिस्ट पक्षात गेले. खरं आहे. त्यांना बाजू होती आणि त्यांनी ती लपवली नाही. पण ते मागितल्यावर गेले, हातात बंदूक घेऊन गेले नाहीत, आणि ज्या माणसांसाठी गेले त्यांच्यातच राहिले. त्यांची भाषा शिकले, तिथल्याच परिचारिकेशी, कुओ चिंगलान यांच्याशी लग्न केलं, बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले, डॉक्टर घडवले आणि 9 डिसेंबर 1942 ला तिथेच गेले, 32 व्या वर्षी. या कसोट्या मी कुठल्याही बाहेरच्या मदतीला लावीन. तिथल्या लोकांनी बोलावलं होतं का? नेलं काय, औषध की काडतूस? आणि परिणाम भोगायला तुम्ही तिथे थांबता का? अमिराती, इजिप्त, इराण, रशिया, एकही या कसोट्यांवर उतरत नाही. आपणही श्रीलंकेत उतरलो नव्हतो.

सुदानमध्ये आज बोलावणारं कोण आहे, असं कुणी विचारेल. सेनापती तर दोन्हीकडचे नकोत. आहेत, बोलावणारे आहेत. 2019 च्या आंदोलनातल्या मोहल्ला समित्यांमधली तरुण पोरं-पोरी युद्ध पेटल्यावर घरी बसली नाहीत. त्यांनी ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स’ नावाने गल्लोगल्ली मदत केंद्रं उभी केली. वर्गणीवर चालणारी सार्वजनिक स्वयंपाकघरं, ज्यांना तिथे तकाया म्हणतात, बंद पडलेल्या दवाखान्यांना डिझेल, अडकलेल्यांना बाहेर काढायला गाड्या. मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्था जिथून निघून गेल्या तिथे मसुराच्या आमटीचं पातेलं यांनी चुलीवरून उतरू दिलं नाही. दोन्ही फौजा त्यांच्यावर संशय घेतात, दोन्हींनी त्यांच्यातल्या अनेकांना पकडलं, मारलं. 2025 चा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार त्यांना मिळाला.

मे 1930 मध्ये आपल्या शहरातून पोलीस आणि अधिकारी निघून गेले होते तेव्हा 9 ते 11 मे गाव स्वयंसेवकांनी सांभाळलं. रहदारीसुद्धा त्यांनीच पाहिली. मग मार्शल लॉ आला, आणि जानेवारी 1931 मध्ये मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले. सरकार नाहीसं झालं की माणसं एकमेकांवर तुटून पडतात असं इंग्रज तेव्हा सांगत होते. सोलापूरला माहीत आहे ते तसं नव्हतं. म्हणून ‘या लोकांना लोकशाही झेपत नाही’ असं आफ्रिकेबद्दल कुणी म्हणालं की मला राग येतो. ज्या देशाची पहिली निवडणूक 1953 मध्ये आपल्या मुख्य निवडणूक आयुक्तांच्या, सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली झाली त्या देशाबद्दल आपण तरी असं बोलू नये. खडकवासल्याच्या एनडीएची ती देखणी मुख्य इमारत, सुदान ब्लॉक, तिचं नाव पाहा. दुसऱ्या महायुद्धात सुदानच्या रक्षणासाठी लढलेल्या भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ सुदानने 1 लाख पौंड दिले होते, त्यातला भारताचा वाटा तिच्या बांधकामाला लागला.

आता तो धागा. युद्धाला पैसा पुरवतं सोनं. आरएसएफच्या ताब्यातल्या खाणींचं सोनं चाड, लिबियामार्गे बाहेर पडतं आणि दुबईला पोचतं. लष्कराच्या ताब्यातल्या सरकारी व्यापाराचं सोनंही बहुतेक अमिरातीतच गेलं, त्याच अमिरातीत, जिला बुरहान यांच्या सरकारने मे 2025 मध्ये आक्रमक देश ठरवलं. शत्रुत्व एका खिशात, व्यापार दुसऱ्या खिशात. दुबईच्या भट्टीत सगळीकडचं सोनं एकत्र वितळतं आणि त्याचं गाव पुसलं जातं. मग ते जगातल्या मोठ्या गिऱ्हाइकांकडे जातं, आणि मोठं गिऱ्हाईक म्हटलं की आपण आलोच. 2022 च्या भारत–अमिराती व्यापार करारात तिथून येणाऱ्या सोन्याला जकातीत एक टक्क्याची सूट दिली आहे, टप्प्याटप्प्याने वर्षाला 200 टनांपर्यंत. आपल्या दागिन्यावर आता सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडी या ओळख क्रमांकासह हॉलमार्कचा शिक्का सक्तीचा आहे. तो सोनं किती शुद्ध आहे ते सांगतो. कुठल्या खाणीतलं आहे ते सांगत नाही.

भारताने मागावं ते एवढंच: सवलतीच्या जकातीत येणाऱ्या प्रत्येक लगडीबरोबर ती कुठल्या खाणीतून निघाली याची तपासता येणारी नोंद हवी, आणि ज्या मालाची ती नसेल त्याला सूट नाही. करारात सूट देणारे आपण आहोत, त्यामुळे अट घालण्याचा हक्कही आपला आहे. दुसरं, संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी 2004 पासून फक्त दारफूरपुरती आहे. उरलेल्या सुदानमध्ये शस्त्रं उतरवायला तिची आडकाठी नाही, तिथून ती दारफूरला नेण्याला तेवढी मनाई आहे. ती सबंध सुदानला लागू व्हावी यासाठी भारताने उघडपणे बोलावं. तिसरं, मदत पाठवायची ती दोन्ही सेनापतींच्या गोदामात न जाता त्या स्वयंपाकघरांपर्यंत जाईल अशी वाट शोधावी.

अमिरातीत 35 लाखांहून अधिक भारतीय राहतात, त्यांच्या नोकऱ्यांचं काय, हा प्रश्न मी टाळणार नाही. सोलापूरचे टॉवेल आखातात जातात. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागावर उभा असलेला कामगारही त्या व्यापारावर जेवतो. त्याच्या ताटाला धक्का लागावा असं मी म्हणत नाही. पण अमिरातीला भारताची बाजारपेठ हवी आहे, भारतीय मनुष्यबळ हवं आहे, आपल्या शेतमालावर तिचं पोट आहे. गरज दोन्हीकडून आहे. रशियाकडून तेल घेताना अमेरिकेची नाराजी पत्करायची तयारी आपण दाखवली, कारण त्यात आपला फायदा होता. फायदा नसतानाही एकदा तेवढीच तयारी दाखवा, एवढी मागणी फार आहे असं मला वाटत नाही. आणि गप्प राहणं फुकट पडतं हेही खरं नाही. नोव्हेंबर 2023 पासून येमेनच्या हूतींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, कंटेनरची भाडी चढली आणि निर्यातदारांचे दिवस मोजून ठरवलेले सौदे कोलमडले. येमेनमध्ये बाहेरच्या देशांनी सात वर्षं बाँब टाकले तेव्हा तेही ‘त्यांचं आपसातलं’च होतं. सुदानचा किनारा त्याच समुद्रावर आहे. मे 2025 मध्ये पोर्ट सुदानवर ड्रोन पडले आहेत.

दोन्ही बाजू सारख्याच वाईट, मग कुणाचं घ्यायचं, असंही विचारलं जातं. दोन्ही सारख्या नाहीत. फाशर आणि त्याआधी 2023 मध्ये एल जेनिना इथे मसालित जमातीची कत्तल केली ती आरएसएफने. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी एकट्या जेनिनातल्या मृतांचा अंदाज 10 ते 15 हजार सांगितला आहे. हे वेगळं आणि मोठं पाप आहे आणि ते तसं म्हटलं पाहिजे. पण म्हणून भर बाजारात विमानातून बाँब टाकणारं लष्कर सुदानी जनतेचं होत नाही. बंदूकवाल्यांपैकी कुणाचंच घेऊ नये, माझं मत इतकं साधं आहे. घ्यायचंच तर त्या पातेल्याभोवती उभ्या असलेल्यांचं घ्यावं.

पुण्याच्या कॉलेजांत कित्येक वर्षांपासून सुदानी मुलं शिकायला येतात. घरून पैसे येणं थांबलं, परत जायला घर राहिलं नाही, अशा मुलांचा व्हिसा वाढवणं आणि फी माफ करणं यासाठी सुरक्षा परिषदेत कुणाचं मन वळवावं लागत नाही. केंद्र सरकारने व्हिसाचं आणि राज्य सरकार, विद्यापीठं यांनी फीचं मनावर घेतलं तर ते पुढच्या सत्राच्या प्रवेशाआधी होऊ शकतं.